विद्यापीठ टेनिसचे सामने, उन्हाचा नवा नियम आणि आपला मुलगा: पालकांनी काय समजून घ्यावे?

मागच्या आठवड्यात दवाखान्यात वडील आणि मुलगा आले. वडील जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करतात. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या टेनिस संघात खेळतो. त्याच्या हातात एक कागद होता.

"सर, स्पर्धेला जायचंय. फिटनेस सर्टिफिकेटवर नुसती सही पाहिजे."

मी विचारले, "गेल्या आठ-दहा दिवसांत ताप, जुलाब, उलट्या असे काही झाले होते का?" मुलाने वडिलांकडे पाहिले. चार दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. दोन दिवस जेवण नव्हते. "पण आता बरा आहे, सर."

मी सही केली नाही. चार दिवसांनी परत या म्हणालो. वडिलांना ते पटले नाही. "डॉक्टरसाहेब, आम्ही वर्षानुवर्षं भट्टीपुढं उभे आहोत. आम्हाला काय झालं? हा तर नुसता चेंडू मारतो."

त्यांचा प्रश्न योग्य होता, आणि तो अनेक पालकांच्या मनात असतो. सध्या टेनिसमध्ये उन्हाच्या नियमांबद्दल बरेच बोलले जात आहे. त्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो.

नेमके काय घडले आहे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनमधील शांघायला पुरुषांची मोठी टेनिस स्पर्धा झाली. हवा गरम आणि अतिशय दमट होती. गतविजेता यानिक सिनर तिसऱ्या फेरीच्या सामन्यात पायात गोळे आल्यामुळे चालूही शकत नव्हता. त्याला सामना अर्धवट सोडावा लागला. नोव्हाक जोकोविचला एका सामन्यात कोर्टवरच उलट्या झाल्या. डेन्मार्कच्या होल्गर रूनने तर अधिकाऱ्यांना थेट विचारले, की एखादा खेळाडू कोर्टवर मरायला हवा आहे का?

यानंतर पुरुष व्यावसायिक टेनिस चालवणाऱ्या एटीपी या संघटनेने २०२६ च्या हंगामापासून उष्णतेचा नियम लागू केला. तीन सेटच्या एकेरी सामन्यात पहिल्या दोन सेटदरम्यान उष्णतेचा निर्देशांक ३०.१ वर गेला, तर दोघांपैकी कोणताही खेळाडू दुसऱ्या सेटनंतर १० मिनिटांची विश्रांती मागू शकतो. ती दोघांनाही मिळते. निर्देशांक ३२.२ च्या वर गेला की खेळ थांबवला जातो. महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये असा नियम १९९२ पासून आहे. पुरुषांच्या बाबतीत 'मर्दाला ऊन लागत नाही' हा समज जगभर होता, एवढाच त्याचा अर्थ.

कॉलेजच्या टेनिसचे काय?

अमेरिकेत नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही संस्था महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय स्पर्धा घेते. भारतीयांना तिची ओळख सोमदेव देववर्मनमुळे झाली. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे एकेरीचे विजेतेपद मिळवले. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आली. आता महाराष्ट्रातले अनेक पालक मुलांसाठी ही वाट शोधतात.

ही स्पर्धा पूर्वी पूर्ण मे महिन्यात होत असे. आधी सांघिक, लगेच एकेरी आणि दुहेरी. २०२४ आणि २०२५ मध्ये एकेरी-दुहेरीचे सामने नोव्हेंबरमध्ये घेण्यात आले, आधी वेको आणि मग ऑरलँडो येथे. हा बदल मुख्यतः वेळापत्रकासाठी होता, उन्हासाठी नव्हे. पण डॉक्टर म्हणून पाहिले तर सलग आठवडा-दीड आठवडा मे महिन्याच्या उन्हात खेळण्याचा ताण त्यामुळे कमी झाला.

आपल्याकडे भारतीय विद्यापीठ संघ आंतरविद्यापीठ स्पर्धा घेतो. आधी विभागीय आणि मग अखिल भारतीय, अशी तिची रचना आहे. जालन्याची महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे आपली मुले त्या संघातून निवडली जातात. याशिवाय २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आहेत. पहिली स्पर्धा भुवनेश्वरला फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. उत्तर प्रदेशातली मात्र २५ मे ते ३ जून २०२३ या काळात झाली आणि तिच्यात टेनिसही होते. उत्तर भारतातला मेअखेरचा उन्हाळा कसा असतो, हे वेगळे सांगायला नको. २०२५ ची राजस्थानातली स्पर्धा मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली. म्हणजे ऊन टाळायचे ठरवले तर टाळता येते.

३२ अंशांना खेळ बंद? मग आपण मार्चपासून घरातच बसायचे का?

हा नियम वाचून अनेकांनी मला हेच विचारले. इथे एक गैरसमज आहे. ३२.२ हा टीव्हीवरच्या हवामानाचा आकडा नाही. त्याला वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. त्यात तीन मोजमापे असतात: ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरचे तापमान (७० टक्के वजन), उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातले तापमान (२० टक्के) आणि सावलीतले साधे तापमान (१० टक्के).

ओल्या फडक्याला एवढे महत्त्व का? आपला माठ आठवा. मे महिन्यात हवा कोरडी असते, माठ पाझरतो, पाणी उडून जाते आणि आतले पाणी गार होते. पाऊस सुरू झाला की तोच माठ पाणी गार करत नाही. आपले शरीरही माठासारखेच आहे. घाम उडाला तरच शरीर गार होते. नुसता घाम गळून उपयोग नाही.

एक उदाहरण घेऊ. जालन्यात कडक उन्हात सावलीतले तापमान ४२, काळ्या गोळ्याचे ५६ आणि ओल्या फडक्याचे २४ आहे असे समजा. हिशेब: १६.८ + ११.२ + ४.२ = ३२.२. आता एखाद्या किनारपट्टीच्या शहरात सावलीतले तापमान फक्त ३४, गोळ्याचे ४६, पण ओल्या फडक्याचे २८ आहे असे समजा. हिशेब: १९.६ + ९.२ + ३.४ = पुन्हा ३२.२. म्हणजे आपल्याकडचे कोरडे ४२ आणि तिकडचे दमट ३४, दोन्ही शरीरासाठी सारखेच धोक्याचे असू शकतात.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तापमान ३८ च्या आसपास होते. जालनेकरांना तो आकडा किरकोळ वाटेल. पण हवा दमट होती आणि लोक तासन् तास उघड्यावर बसून होते. त्यांनी तर टेनिसही खेळले नव्हते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर

भट्टीपुढे काम करणाऱ्या वडिलांना काही होत नाही आणि मुलाला धोका आहे, असे का?

पहिले कारण सवय. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातले मीठ कमी होते, रक्तातील पाण्याचा भाग वाढतो. वडिलांचे शरीर अनेक वर्षे त्यात मुरलेले आहे. मुलगा दिवसभर वर्गात पंख्याखाली असतो आणि संध्याकाळी खेळतो. सामना मात्र दुपारी १२ वाजता लागतो, आणि तोही कधी चेन्नईसारख्या दमट शहरात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाची सवय तिथे पुरी पडत नाही.

दुसरे कारण म्हणजे थांबण्याची मुभा. भट्टीवरचा अनुभवी कामगार मध्ये बाजूला होतो, पाणी पितो, जोडीदार त्याची जागा घेतो. एकेरी सामन्यात जोडीदार नसतो. २० वर्षांचा मुलगा ५-४ ने पुढे असताना स्वतःहून थांबत नाही.

तिसरे कारण म्हणजे मोजणी. कॉलेजच्या स्पर्धेत एकाच दिवशी एकेरी आणि दुहेरी असे दोन-तीन सामने होऊ शकतात. आदली रात्र रेल्वेत, झोप अर्धवट, सकाळी चहा-बिस्किट.

वडिलांनाही मी एक गोष्ट सांगितली. सवय पंधरा दिवसांच्या सुटीत बरीचशी उतरते. गावी लग्नसराई उरकून, किंवा ताप-जुलाबातून उठून कामगार थेट भट्टीवर येतो, तेव्हा त्यालाही तोच धोका असतो. पहिले तीन-चार दिवस काम हलके घ्यावे. हे ऐकल्यावर ते गप्प झाले. त्यांच्या शेजारच्या पाळीत असे एकदा घडले होते.

मी सही का केली नाही?

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता. बीपी पाहिले, छाती तपासली, सही केली. जुलाबाबद्दल विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. स्पर्धेत दुसऱ्या सामन्याआधी पाय दुखतात म्हणून त्याने कोणाकडून तरी वेदनाशामक गोळी घेतली. सामना जिंकला. रात्री लघवी गडद चहासारखी झाली. दुसऱ्या दिवशी तपासले तेव्हा क्रिएटिनिन वाढलेले होते, म्हणजे किडनीला इजा झाली होती. तीन आठवड्यांनी तो पूर्ण बरा झाला. पण ते तीन आठवडे त्याच्या आईच्या डोळ्यांत मी पाहिले आहेत.

यात नेमके काय होते? शरीरात पाणी कमी असताना खूप श्रम केले, तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातला लालसर पदार्थ रक्तातून किडनीत जाऊन अडकतो. त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली की किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. म्हणून उन्हातल्या सामन्याआधी किंवा दोन सामन्यांच्या मध्ये अशी गोळी घेऊ नये. संघातल्या मुलांकडे ती हमखास असते.

आणखी एक तपासणी: सिकलसेल

अमेरिकेत २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा फुटबॉलपटू सरावानंतर मरण पावला. त्याच्या रक्तात सिकलसेलचा वाहक गुण होता आणि ते कोणाला माहीत नव्हते. त्यानंतर २०१० पासून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या संघांत ही तपासणी सुरू झाली. सिकलसेल वाहक व्यक्ती एरवी निरोगी असते. पण ऊन, पाण्याची कमतरता आणि अति श्रम एकत्र आले तर क्वचित जीवघेणा त्रास होऊ शकतो.

हा विषय आपल्याही जवळचा आहे. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. कुटुंब अशा भागातले असेल किंवा नात्यात कोणाला सिकलसेल असेल, तर मुलाची एकदा रक्ततपासणी करून घ्या. वाहक निघाला तरी खेळ सोडायचा नाही. सराव हळूहळू वाढवायचा, पाणी आणि विश्रांती सांभाळायची, आणि प्रशिक्षकाला माहिती द्यायची.

लक्षणे ओळखा: तीन पायऱ्या

१. पेटके किंवा गोळे: पोटरी, मांडी, पोटाचे स्नायू आखडतात. मुलगा पूर्ण शुद्धीत असतो. थांबवा, सावलीत आणा, स्नायू हळू ताणा, ओआरएस द्या.

२. उष्णतेची थकावट: चक्कर, मळमळ, डोकेदुखी, खूप घाम, अशक्तपणा. बोलणे नीट असते. खेळ बंद, आडवे झोपवा, पाय थोडे वर ठेवा, अंगावर पाणी आणि वारा घाला. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्या. त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका.

३. उष्माघात: मुलगा असंबद्ध बोलतो, स्कोअर विसरतो, चिडतो, लटपटतो, बेशुद्ध होतो किंवा झटके येतात. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते.

इथे सगळ्यात घातक गैरसमज आहे: "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही." खेळताना किंवा काम करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेले असू शकते. घामाकडे नव्हे, बोलण्या-वागण्याकडे पाहा. काखेतला थर्मामीटर किंवा कपाळावर धरायची 'गन' अशा वेळी कमी तापमान दाखवते. तिच्यावर विसंबून वेळ घालवू नका.

उष्माघातात काय करावे: आधी गार करा, मग हलवा

आपल्याकडे पहिली धडपड गाडी शोधण्याची असते. पण पहिल्या अर्ध्या तासात शरीर गार झाले, तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून:

- एक जण १०८ ला फोन करील. बाकीचे त्याच क्षणी गार करायला लागतील.
- शक्य असेल तर मोठ्या टबात किंवा हौदात बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवा. काखेखालून चादर घालून एकाने धरून ठेवा, डोके पाण्याबाहेर हवे.
- टब नसेल तर बूट-मोजे, शर्ट काढा, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सर्वांगावर टाका आणि दर दोन मिनिटांनी बदला. सतत वारा घाला.
- शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी, सरबत, काहीही देऊ नका.
- पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप जंतुसंसर्गाचा नाही, त्यावर ती चालत नाही, आणि यकृताला आधीच ताण असतो.
- कांदा हुंगवण्यात, तळपायाला चोळण्यात वेळ घालवू नका. कांदा जेवणात चांगला आहे, उष्माघातावर तो उपचार नाही.

पाणी: कमीही नको, अतिही नको

सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो वजन घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. ६० किलोच्या मुलाचे वजन सव्वा किलोहून जास्त घटत असेल, तर तो पाणी कमी पितो आहे. लघवी फिकट पिवळी असावी.

उलट, वजन वाढले तर तो जास्त पाणी पितो आहे. घामातून मीठ जाते आणि वर नुसते पाणी लिटर-लिटर प्यायले की रक्तातले सोडियम घटते. डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, अगदी झटकेही येऊ शकतात. म्हणून लांब सामन्यात निम्मे पाणी आणि निम्मे ओआरएस ठेवा. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे. अर्ध्या ग्लासात घट्ट करून पिऊ नये. मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, पन्हे हे सामन्याच्या आधी आणि नंतर उत्तम.

नियम पुरेसा आहे का?

एटीपीचा नियम स्वागतार्ह आहे, पण आपल्या मुलांसाठी त्याच्या दोन मर्यादा लक्षात घ्या. तो फक्त व्यावसायिक पुरुष स्पर्धांना लागू आहे, कॉलेजच्या कोर्टला नाही. आणि तो हवा मोजतो, मुलगा मोजत नाही. चार दिवसांपूर्वी जुलाब झालेला मुलगा निर्देशांक २८ असतानाही कोसळू शकतो.

अमेरिकेतील कॉलेज संघाबरोबर प्रशिक्षित वैद्यकीय सहायक असतो. आपल्या संघाबरोबर अनेकदा क्रीडाशिक्षक आणि प्रथमोपचाराची पेटी एवढेच असते. पण ज्या गोष्टीने जीव वाचतो ती महाग नाही: एक मोठा टब, बर्फाची लादी, चार टॉवेल आणि 'आधी गार करा' हे माहीत असलेला एक माणूस. मुलगा स्पर्धेला निघण्याआधी पालकांनी शिक्षकांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. दुपारी १२ ते ४ मध्ये सामने आहेत का? कोर्टजवळ सावली, बर्फ आणि टब आहे का? जवळचे रुग्णालय कोणते?

आणि डॉक्टरांकडे सहीसाठी येताना पाच गोष्टी स्वतःहून सांगा: अलीकडचा ताप किंवा जुलाब, चालू असलेली औषधे (सर्दी-ॲलर्जीच्या, मानसिक आजाराच्या गोळ्यांनी काहींना घाम कमी येतो), आधी कधी उन्हात चक्कर आली होती का, खेळताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली होती का, आणि घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला आहे का. शेवटच्या दोनपैकी एकाचे उत्तर 'हो' असेल तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय खेळू नये.

तो मुलगा चार दिवसांनी परत आला. वजन पूर्ववत झाले होते, तपासणी व्यवस्थित होती. मी सही केली. सोबत वडील होते, पाळी संपवून थेट आलेले. निघताना त्यांनी विचारले, "साहेब, तो टब आणि बर्फाचं आमच्या मिलमध्येही सांगू का?"

जरूर सांगा, म्हणालो. उन्हाला कोर्ट आणि कारखाना यातला फरक कळत नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या किंवा मुलाच्या तब्येतीबाबत निर्णय तुमच्या डॉक्टरांना भेटूनच घ्या. शुद्ध हरपली, झटके आले किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर वाट न पाहता रुग्णालयात जा.)